आधी काळं, मग रेघ: भुताच्या कॉमिक्सचं पहिलं पान

शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी घरातले दिवे घालवते, लॅपटॉपवर भुताचा सिनेमा लावते आणि मांडीवर वही घेऊन बसते. दिवसभर लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये गणपती आणि कलश जुळवायचे आणि रात्री हे. बारा वर्षं झाली, अजून कंटाळा आलेला नाही. भुताचं कॉमिक्स काढायला कुठून सुरुवात करायची, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: भूत काढायला बसू नका. पानावर काय दिसणार नाही ते आधी ठरवा. भीती त्या काळ्यात असते.

त्यासाठी पहिला महिना फक्त सिनेमे थांबवून बघा. 1922 चा 'नोस्फेरातू' घ्या. मूकपट आहे, त्यामुळे आवाज घाबरवतोय की चित्र, हा प्रश्नच उरत नाही. जिन्यावरून सावली चढते तिथे थांबवा. पिशाच्च स्वतः चौकटीत नाही, भिंतीवर फक्त त्याची पाठ आणि लांब बोटं. आता डोळे अर्धे मिटा. राखाडी छटा नाहीशा होतात, उरतं काळं आणि पांढरं. वहीत काडेपेटीएवढा चौकोन आखा आणि मऊ 6बी पेन्सिलीने फक्त काळे भाग भरा. बाह्यरेषा काढायची नाही, नाक-डोळे काढायचे नाहीत. एका सिनेमाचे असे दहा चौकोन पुरेत. 1920 च्या 'कॅलिगारी'त तर सेटवर सावल्या चक्क रंगवलेल्याच आहेत. दिवा कुठे आहे याची पर्वा न करता काळं हवं तिथे ठेवता येतं, हे मी तिथे शिकले. मग 2018 चा 'तुंबाड' बघा. कंदिलाचा उजेड माणसाच्या हातभर पुढे जातो आणि संपतो. तो कुठे संपतो, ती कड वहीत उतरवा.

चेहऱ्यासाठी आरशासमोर बसा आणि मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली धरा. नाकाची सावली खाली पडायची ती वर कपाळाकडे जाते, नाकपुड्या आणि वरच्या पापणीची आतली बाजू उजळते. रोज आपण उजेड वरून पडताना बघतो, म्हणून हा चेहरा ओळखीचा असूनही परका वाटतो. फोटो काढून ठेवा, पुढे लागतो.

आता गोष्ट. मोठी घेऊ नका, एक प्रसंग घ्या आणि तो तुमच्या घरातला असू द्या. माझं पहिलं चांगलं पान आजोळच्या माळ्याचं होतं. माजघरातून लाकडी शिडी, वर चौकोनी झडप, आणि आजी मुलीला सांगते, चिंचेची बरणी घेऊन ये. एवढंच. पहिली चौकट रुंद: माजघर, मुलगी शिडीपाशी, वरची झडप पूर्ण काळी. दुसरी: शिडीच्या पायरीवर अनवाणी पाय. तिसरी: झडपेला टेकलेली पाचही बोटं. चौथी अगदी अरुंद: झडप बोटभर उघडलेली, फटीत काळं. चौकटी अशा अरुंद होत गेल्या की वाचणाऱ्याचा श्वासही आखडतो.

चौथी चौकट उजव्या हाताच्या पानावर सगळ्यात खाली आली पाहिजे. आपली पुस्तकं डावीकडे बांधलेली असतात, म्हणून त्या कोपऱ्याशी आलं की वाचणाऱ्याला पान उलटावंच लागतं. सिनेमात क्षण दिग्दर्शकाच्या हातात असतो, कॉमिक्समध्ये तो वाचणाऱ्याच्या अंगठ्यात असतो. उलटल्यावर पाचवी चौकट पानभर: सगळं काळं, आणि खाली मध्यभागी नखाएवढा उजेडाचा चौकोन, त्यात वर बघणारा मुलीचा चेहरा. म्हणजे आपण तिला माळ्यावरून बघतोय. वर जे कोणी बसलंय, त्याच्या जागेवरून. भूत मी काढलंच नाही.

(सिनेमा आणि चित्र यांचं हे नातं जुनं आहे. 'एलियन' या भयपटासाठी दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी स्वतः स्टोरीबोर्ड, म्हणजे शूटिंगआधी प्रसंगांची चौकटी-चौकटीतली चित्रं, काढले आणि ते बघून स्टुडिओने बजेट दुप्पट केलं. त्यातला प्राणी गिगर या चित्रकाराचा, आणि अंतराळवीरांचे पोशाख मोबियस या कॉमिक्सवाल्याचे. हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.)

आवाजाचं मात्र आपल्याकडे खास देणं आहे. कर्रर्र, खुट्ट, टप् टप्, सळसळ: मराठीत हे शब्द उच्चारले की वस्तूच हलते. ते टाइप करू नका, हाताने काढा. तिसऱ्या चौकटीत 'कर्रर्र'ची शिरोरेषा मी झडपेच्या कडेलाच जोडली आणि झडपेबरोबर तिरकी नेली. मोठ्या 'धडाम'पेक्षा कोपऱ्यातलं बारीक 'खुट्ट' जास्त घाबरवतं. चौथ्या चौकटीत मात्र एक अक्षरही नको.

सामान साधं: ए3 मापाचा जाड कार्ट्रिज कागद, 2 आणि 6 नंबरचे गोल ब्रश, टाक, काळी वॉटरप्रूफ शाई आणि पांढरा पोस्टर कलर. पेन्सिलीत काम झालं की जिथे काळं भरायचं तिथे छोटी फुली मारा. कॉमिक्सवाले असंच करतात, नाहीतर शाईच्या भरात उजेडाची जागा बुजते. आधी टाकाने कडा, मग ब्रशने मोठं काळं. शाई वॉटरप्रूफच घ्या. एकदा मी साधी वापरली, वरून पांढऱ्याने पाऊस काढला आणि शाई वर येऊन सगळा पाऊस राखेच्या रंगाचा झाला. तीन रविवारचं काम होतं, रडू आलं. धूळ हवी तर जुन्या टूथब्रशला पांढरा लावून अंगठ्याने शिंपडा. मग झेरॉक्सवर 71 टक्के करून ए4 वर आणा. रेघा आवळून येतात, आणि ज्या फार जवळ होत्या त्या एकमेकींत मिसळून डाग होतात. तो डाग कुठे पडला ते बघून पुढचं पान सुधारा.

शेवटी ते कुणाला तरी वाचायला द्या आणि तुम्ही कागदाकडे नाही, त्याच्या हाताकडे बघा. माझ्या भाचीने माळ्याचं पान उलटलं, पाचव्या चौकटीवर थांबली, पुन्हा मागे गेली आणि पहिल्या चौकटीतल्या काळ्या झडपेवर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, ते आधीपासूनच इथे होतं?"