घाटात रेंज गेली तरी टॅबवर नकाशा चालू ठेवा

टॅब घेण्याआधी त्यात जीपीएस आहे का, हे नक्की बघा. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये ते नसतं, सिमवाल्या मॉडेलमध्ये असतं. स्वस्त अँड्रॉइड टॅबचंही तपासूनच घ्या. जीपीएस असेल तर सिम न टाकताही गाडी नकाशावर नीट सरकते, कारण सिग्नल थेट उपग्रहाकडून येतो. मात्र इंटरनेट नसताना पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो, म्हणून टॅब निघण्याआधी उघड्या आकाशाखाली चालू करा.

ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायचं असेल तर गूगल मॅप्समध्ये पुणे ते माणगाव हा पट्टा घरच्या वाय-फायवर उतरवून घ्या. ऑफलाइन असताना ट्रॅफिक दिसत नाही, तेवढं लक्षात असू द्या. आडवाटांसाठी मला ऑर्गॅनिक मॅप्स हे नकाशाचं अ‍ॅप जास्त आवडतं. अख्खा नकाशा टॅबमध्येच राहतो.

गाडीच्या साध्या यूएसबी पोर्टवर मोठ्या स्क्रीनची बॅटरी उतरतच जाते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये दमदार चार्जर लावा. होल्डर एअरबॅगसमोर नको, आणि काचेतून रस्ता झाकेल असाही नको. उन्हात गाडी लावताना टॅब काढून सीटखाली ठेवा.