आधी माप, मग गोळी

“डॉक्टर, रात्री चारदा उठतो, प्रॉस्टेटची गोळी लिहून द्या.” अशा पेशंटला मी आधी कोरा कागद देतो. तीन दिवस दर वेळी लघवी मापाच्या मगात करायची. वेळ आणि मिलिलिटर लिहायचे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्याच हिशेबात धरा. हे सांगायला मी विसरायचो, आणि सगळी बेरीज चुकायची.

एका आजोबांचा कागद लक्षात राहिलाय: पाऊणला ३५०, तीनला ४००, सहाला ३५०. चोवीस तासांचे २०००, त्यातले ११०० रात्रीचे! उतारवयात रात्रीचा वाटा एकतृतीयांशाच्या वर गेला, की लघवी रात्री जास्त तयार होतेय असं समजा. मोजे काढायला लावले, घोट्यावर बोट दाबलं, खड्डा पडला. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं. हृदय, किडनी तपासली, ठीक होती. रक्तदाबासाठी ॲमलोडिपिन चालू होतं, त्यानं पाय सुजतात, म्हणून ते बदललं. दुपारी पाय उंच ठेवायला सांगितले. उठणं एकावर आलं. टॅम्सुलोसिन, म्हणजे मागितलेली ती प्रॉस्टेटची गोळी, दिलं असतं तर अंधारात चक्कर येऊन पडले असते, एवढंच.

दर वेळी ८०-१०० मिली, धार बारीक, कुंथावं लागतंय, असं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रॉस्टेटचा अडथळा असू शकतो. बेंबीखाली हात ठेवून मूत्राशय तुंबलंय का बघा. सोनोग्राफीत लघवीनंतर किती उरते ते विचारा. सर्दीच्या गोळ्यांची चौकशी कराच, स्यूडोएफेड्रिन आणि क्लोरफेनिरामिन लघवी अडवतात. टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ सुरू केलंत तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सर्जनला सांगायला बजावा. प्रॉस्टेट लहान करणाऱ्या फिनास्टेराइडला सहा महिने द्यावे लागतात, आणि त्यावर पीएसए (प्रॉस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा) निम्मा दिसतो.

लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू, पण त्रास शून्य? गरोदर बाई नसेल आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया ठरलेली नसेल, तर अँटिबायोटिक नको. रिपोर्टवर उपचार करायची आपली खोड जाता जात नाही.

लघवीत न दुखता रक्त दिसलं की, दुसऱ्या दिवशी थांबलं तरी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी, यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. मुतखड्यासोबत थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी, थेट इमर्जन्सीत. आणि पोरगा लाजून “पोटात दुखतंय” म्हणाला तरी चड्डी उतरवून तपासा. अंडकोषाला पीळ पडला असेल तर वाचवायला साधारण सहा तास असतात. सोनोग्राफीच्या नंबरची वाट पाहत बसू नका.