लाल कोळ्यावर सुगंधी तेल: फवारणी नेमकी फसते कुठे

फेब्रुवारी सरत आला, हवा कोरडी पडली की गच्चीवरच्या गुलाबाची पानं धुळकट दिसायला लागतात. वरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके उठतात. पाणी कमी पडलं असेल म्हणून आणखी पाणी घातलं जातं, आणि कीड वाढतच राहते. आधी पानाखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर मिरपुडीसारखे कण पडतील. अर्धा मिनिट नजर ठेवा. त्यातले काही चालू लागले तर तो लाल कोळी. कण बोटाने चिरडला की कागदावर हिरवट किंवा तांबूस रेघ उठते. पानांच्या बेचक्यात बारीक जाळी दिसत असेल तर उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.

हा कोळी रासायनिक औषधांना फार लवकर सरावतो. सुगंधी तेलात मात्र एक नव्हे, अनेक घटक असतात. ते किडीच्या अंगावर पडले की तिच्या मज्जासंस्थेवर आघात करतात आणि काही तासांत उडूनही जातात. तेलाचा फायदा तोच आणि मर्यादाही तीच. मागे काही उरत नाही, त्यामुळे जी कीड भिजली नाही ती वाचली.

कडुनिंबाचं तेल यात धरू नका. ते बियांचं स्थिर तेल आहे, उडून जात नाही आणि त्याचं काम सावकाश चालतं. इथे बोलतोय ते गवती चहा, निलगिरी, रोझमेरी, पुदिना, लवंग अशा ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलांबद्दल. कोणतं तेल चांगलं यावर लोक तासन् तास वाद घालतात. खरं तर फरक पडतो तो तेल पाण्यात कसं मिसळलं आणि पानाच्या कोणत्या बाजूला पडलं याने.

बाटली घेताना एक थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तेलकट कडं उरलं असेल तर त्यात खाद्यतेलाची भेसळ आहे. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलेली बाटली घेऊच नका, तो फक्त वास असतो.

एक लिटरचं मिश्रण

गवती चहाचं किंवा रोझमेरीचं तेल २ मिली, पोटॅश साबण (शेतीच्या दुकानात द्रवरूपात मिळतो) ५ मिली, बाकी पाणी. थेंब मोजू नका. दर बाटलीच्या ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा.

लवंग तेल वापरायचं तर लिटरला १ मिलीच्या वर जायचं नाही. त्यातलं युजेनॉल पानं जाळतं. याच तेलाचं तीव्र द्रावण तणनाशक म्हणून विकलं जातं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

क्रम महत्त्वाचा. काचेच्या लहान बाटलीत आधी साबण, त्यावर तेल. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा. मग अर्धी वाटी कोमट पाणी थोडं थोडं घालत हलवत राहा. दुधासारखं पांढरं पाणी झालं की ते स्प्रेअरमधल्या उरलेल्या पाण्यात ओता. तेल थेट पाण्यात टाकून साबण नंतर घातला तर तेल वर तरंगतं. फवाऱ्याची नळी टाकीच्या तळातून पाणी उचलते, म्हणजे सुरुवातीला नुसतं साबणाचं पाणी जातं आणि शेवटच्या चार फवाऱ्यांत सगळं तेल एका झाडावर पडतं. ते झाड जळतं आणि दोष तेलाला मिळतो.

पाच मिनिटांनी बाटलीच्या गळ्याशी पिवळसर कडं दिसलं तर मिश्रण फुटलंय. बहुतेक वेळा कारण बोअरचं जड पाणी. त्यात साबणाचा साका होतो. आरओचं किंवा पावसाचं पाणी घ्या. साबणाऐवजी रिठ्याचं पाणी घेतलं तर त्याला जड पाण्याचं वावडं नाही, पण ते मिश्रण टिकत नाही. फवारताना सतत हलवावं लागतं. भांडी घासायचं जेल मात्र नको, ते पानावरचा मेणाचा थरच काढून टाकतं.

फवारणी

दोन दिवस आधी दोन-तीन पानांवर फवारून ४८ तास बघा. कडा करपल्या किंवा पान तेलकट पारदर्शक दिसलं तर तेल निम्मं करा. नेचे, मांसल पानांची झाडं आणि काकडीवर्गीय रोपांची कोवळी पानं लगेच दुखावतात. गंधक मारलं असेल तर तीन आठवडे तेल नको.

सकाळी पाईपच्या जोरदार पाण्याने पानांची खालची बाजू धुऊन घ्या. बरेच कोळी आणि जाळी तिथेच निघून जातात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, मधमाश्या परतल्यावर फवारा. नोझल वर वळवून खालून वर, पानावरून थेंब ओघळेपर्यंत. वरून मारलेली फवारणी कोळ्याला छत्रीवर पडलेल्या पावसासारखी.

एका फवारणीने काम होत नाही, कारण अंडी बरीचशी वाचतात. तिशीच्या तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण आठवड्यात होते. म्हणून पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी फवारा. आठवड्याचा रविवार धरून फवारणाऱ्यांचं इथेच चुकतं. मधल्या सहा दिवसांत नवी पिढी अंडी घालायला तयार होते. दर वेळी नवं मिश्रण करा. उरलेलं दुसऱ्या दिवशी निकामी झालेलं असतं. खरी परीक्षा पुन्हा तोच पांढरा कागद.

मावा आणि पांढऱ्या माशीची पिल्लं याच मिश्रणाने जातात. मावा परत परत येत असेल तर खोडावरच्या मुंग्या बघा, त्या त्याची राखण करतात. पिठ्या ढेकणावरचं मेण आधी ओल्या कापसाने पुसा, नाहीतर थेंब घरंगळून जातो. फळ पोखरणारी अळी आत असते, हुमणी मातीत असते. तिथे हे तेल वाया घालवू नका. मावा खाणारे ढालकिडे (लेडीबग) दिसले तर ती फांदी सोडा. तेल त्यांनाही मारतं.

फवारताना चष्मा आणि हातमोजे घाला. मांजर असेल तर पानं वाळेपर्यंत तिला लांब ठेवा. ही तेलं तिच्या यकृताला पचत नाहीत. मूळ बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका, निलगिरीचं तेल थोडंसं पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. तेल गडद काचेच्या बाटलीत, गॅसपासून लांब ठेवा. पातळ प्लास्टिक ते मऊ करतं, स्प्रेअरचे वॉशरही फुगतात. म्हणून काम झालं की साबणाच्या पाण्याने टाकी आणि नळी धुऊन उलटी ठेवा. पालेभाजीवर फवारलं असेल तर दोन-तीन दिवसांनी, वास गेल्यावर, धुऊन मगच खुडा.