कोल्हापूरच्या हवा-पाण्यात गोल्डन एल: आवडत्या बाटलीशी जुळवायची कशी

गोल्डन एल ही बिअर दिसायला लागरसारखी, स्वभावाने एल. लागर थंडीत सावकाश आंबवतात, एल त्याहून उबेत. रंग फिकट सोनेरी, चव कोरडी, हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास पुढे आणि मागे माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) बिस्किटासारखी हलकी गोडी. इंग्लंडमध्येही हा प्रकार तसा अलीकडचाच. १९८६ ची एक्स्मूर गोल्ड आणि तिच्या पाठोपाठ त्याच दशकात आलेली हॉप बॅकची समर लाइटनिंग ही त्यातली ठळक नावं. खालची कृती समर लाइटनिंगच्या वळणाची आहे: फिकट माल्ट, इंग्लिश हॉप्स, ५ टक्के अल्कोहोल. यादी एवढी छोटी की कुणालाही सोपी वाटेल, आणि तिथंच माणूस फसतो. काळ्या स्टाउटमध्ये भाजक्या माल्टच्या आड चार चुका खपून जातात. इथं लपायला जागाच नाही.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरती केली तरी. त्यामुळे कोल्हापुरात हा घाणा टाकायचा तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असलेल्या जागीच. इंग्लंडात घरच्या वापरासाठी परवाना लागायचं १९६३ मध्येच बंद झालं; तिकडे किंवा अशीच मुभा असलेल्या दुसऱ्या ठिकाणी राहणाऱ्यांना घरी करता येईल. आकडे दोघांनाही तेच.

जुळवणी सुरू होते बाटलीपासून. बाटलीवर अल्कोहोलचा टक्का असतोच. अर्धा पेला बिअर दोन भांड्यांत वरून खाली ओतत राहा, सगळा गॅस गेला की हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचनळी, बुडवा. आला तो आकडा म्हणजे एफजी, शेवटची घनता. टक्क्याला १३१ ने भागून आलेली संख्या त्यात मिळवली की ओजी, सुरुवातीची घनता. ५ भागिले १३१ म्हणजे ०.०३८, एफजी १.०११ आला असेल तर ओजी १.०४९. एवढ्यावर निम्मी कृती उलगडते. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांवर जुळवलेला असतो, म्हणून नमुना गार करूनच मोजा. ३५ अंशांचा नमुना साधारण ४ पॉइंट (म्हणजे ०.००४) कमी दाखवतो आणि पुढचं सगळं गणित घसरतं.

चवीच्या बाबतीत मात्र त्या बाटलीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. परदेशातून आलेली बाटली महिनोन्‌महिने जहाजात, गोदामात आणि कुणाच्या तरी बॅगेत उकडलेली असते. त्यात ओल्या पुठ्ठ्याची किंवा शिळ्या मधाची चव आली असेल तर ती ऑक्सिजनची करामत आहे, कृतीचा भाग नव्हे. तो 'मध' आणायला लोक क्रिस्टल माल्ट (गडद, गोडसर माल्ट) घालतात आणि सोनेरी बिअर तांबूस करून बसतात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतल्या बिअरला उजेड लागून येणारा उग्र वासही असाच, नक्कल करण्याच्या लायकीचा नाही. बाटलीतून आकडे घ्या, तिचं म्हातारपण घेऊ नका.

२० लिटरच्या घाण्याला लागेल ते असं:

मॅरिस ऑटर किंवा तसाच फिकट माल्ट ४.३ किलो
गव्हाचा माल्ट ३०० ग्रॅम, फेस टिकण्यासाठी
चॅलेंजर हॉप्स २८ ग्रॅम (अल्फा, म्हणजे कडूपणा देणारं आम्ल, ७.५ टक्के), ६० मिनिटं
ईस्ट केंट गोल्डिंग्ज २० ग्रॅम (अल्फा ५ टक्के), शेवटची १५ मिनिटं
ईस्ट केंट गोल्डिंग्ज ३० ग्रॅम, गॅस बंद केल्यावर
आयरिश मॉस (बिअर नितळ करणारं समुद्री शेवाळ) ५ ग्रॅम, शेवटची १५ मिनिटं
नॉटिंगहॅम कोरडं यीस्ट, ११ ग्रॅमचं एक पाकीट

कडूपणा ३३-३४ आयबीयूच्या (बिअरचा कडूपणा मोजायच्या एककाच्या) आसपास बसतो. हॉप्सच्या पाकिटावरचा अल्फा वेगळा असेल तर २८ ला ७.५ ने गुणून त्या आकड्याने भागा. अल्फा ६ असेल तर ३५ ग्रॅम. हॉप्स फ्रीझरमधलेच घ्या. दुकानाच्या फळीवर उन्हाळा काढलेल्या पाकिटाला चीजसारखा वास मारतो, आणि तो उकळून जात नाही. देशी जवाचा माल्ट वापरणार असाल तर पाव किलो जास्त धरा. त्यात प्रथिनं जास्त, उतारा (माल्टमधून निघणारी साखर) कमी, आणि बिअर थोडी गढूळ राहायची शक्यता. चवीला वाईट लागत नाही, पण बाटलीशेजारी ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो.

गूळ घालायचा मोह कोल्हापुरात होणारच. इथं नको. रंग जातो, काकवीची चव येते आणि गोल्डन एलची गोल्डन एल राहत नाही. तो नाद गडद बिअरसाठी राखून ठेवा.

माल्ट भरडायचा असतो, दळायचा नसतो. प्रत्येक दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत आणि टरफल शक्यतो अख्खं सुटावं. मूठभर भरडा तळहातावर घेऊन फुंकर मारा: टरफलं उडाली आणि खाली रव्यासारखे कण राहिले की जमलं. पीठच हाताला लागलं तर फार बारीक झालं. माल्ट गरम पाण्यात भिजवून निघणारा गोड रस निथळणार नाही आणि टरफलाचा चुरा उकळीत जाऊन चहा जास्त उकळल्यासारखा तुरटपणा येईल. पिठाच्या गिरणीत नेऊ नका, आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी त्यात येते ती वेगळीच. दोन रुळांची हातगिरणी सगळ्यात बरी. नाहीतर घरचं जातं खुंटा उचलून सैल करा आणि थोडं थोडं भरडा.

पाण्याकडे लोक सगळ्यात कमी बघतात. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, आणि जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे फिकट माल्टचा पीएच वर राहतो. चव बोथट होते, कडूपणा जिभेवर खरवडतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते तसंच वापरलं तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. नळाचं पाणी घेणार असाल तर ३० लिटरला पाव ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं. नेमकं काम हवं असेल तर आरओचं पाणी घ्या आणि २९-३० लिटरला ६ ग्रॅम जिप्सम, ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड टाका. सल्फेट क्लोराइडच्या दुपटीपेक्षा थोडं वर जातं, आणि या बिअरचा कोरडा, टोकदार शेवट त्यातूनच येतो. दोन्ही क्षार खाण्याच्या दर्जाचे हवेत. हार्डवेअरच्या दुकानातलं प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम नव्हे, कुणी कितीही सांगितलं तरी.

माल्ट गरम पाण्यात भिजवायला (यालाच मॅश म्हणतात) पिशवीतली पद्धत छोट्या घाण्याला सोयीची. ४० लिटरचं स्टीलचं पातेलं, त्यात मावेल अशी पडद्याच्या जाळीच्या कापडाची पिशवी. २९ लिटर पाणी ६७.५ अंशांवर आणा, गॅस बंद करा, पिशवी लावा आणि भरडा थोडा थोडा सोडत ढवळत राहा. गुठळी झाली तर आतला माल्ट कोरडाच राहतो, म्हणून घाई नको. तापमान ६५ वर येऊन थांबलं पाहिजे. दहा मिनिटांनी पीएच बघा. ५.३ ते ५.४ हवा, वर असेल तर लॅक्टिक ॲसिड एकेक मिली घालत पुन्हा मोजा, दोन-तीन मिलीच्या पुढे सहसा जावं लागत नाही. पातेल्याला जुनी गोधडी गुंडाळून तासभर ठेवा. ६५ चा आग्रह यासाठी की ६८-६९ वर न आंबणाऱ्या साखरा जास्त बनतात, एफजी १.०१५ ला अडकतो आणि बिअर पोटाला जड लागते. तास झाला की पिशवी उचलून चाळणीवर निथळू द्या, हलकी दाबा. साधारण २५ लिटर रस हाती येतो.

आता उकळी. घरच्या शेगडीवर २५ लिटर धड उकळत नाहीत, केटरिंगवाल्यांचा मोठा बर्नर लागतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर खराब नाही. झाकण ठेवू नका. फिकट माल्टमधून निघणारा शिजलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर जायला हवा. पहिला फेस वर येतो तेव्हा पातेल्याजवळच उभं राहा, दुधासारखंच उतू जातं आणि साफ करायला दुधाहून वाईट. फेस बसला की चॅलेंजर टाका आणि घड्याळ लावा. तासाने गॅस बंद, रस ८० अंशांवर उतरला की शेवटचे ३० ग्रॅम हॉप्स, वीस मिनिटं झाकून.

थंड करणं ही इथली खरी अडचण. मे महिन्यात टाकीतलंच पाणी तिशीला असतं; तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून ते कितीही सोडलं तरी रस ३४-३५ च्या खाली जात नाही. तिथवर वेटोळ्याने आणा, मग पातेलं मोठ्या टबात ठेवून भोवती कारखान्याचा बर्फ फोडून टाका. तो बर्फ बाहेरच राहिला पाहिजे, थेंबभरही आत नको. १८ अंशांवर आला की निर्जंतुक केलेल्या फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) उंचावरून ओता, म्हणजे यीस्टला हवा मिळते. झाकणात एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) बसवलेला, दुधाचा स्टीलचा कॅनही फर्मेंटर म्हणून चालतो. फक्त रबराची कडी नवी घ्या, जुनीतला दुधाचा वास जात नाही. या क्षणापासून बिअरला जे जे लागेल ते निर्जंतुक केलेलं हवं, चमचासुद्धा.

यीस्ट टाकलं की कृती संपते आणि तापमान सुरू होतं. पहिले तीन दिवस १८ ते १९ अंश. हा आकडा खोलीचा नव्हे, बिअरचा. आंबताना बिअर स्वतः खोलीपेक्षा चार-पाच अंश गरम होते. एप्रिलच्या खोलीत तसंच सोडलं तर बिअर ३५ वर जाईल, आणि नेलपॉलिशचा वास, घशात जाळणारी दारूची चव असा माल हाती येईल. ते मुरून सुधारत नाही, ओतूनच द्यावं लागतं. उपाय एकच खात्रीचा: जुना एका दाराचा फ्रिज आणि त्याला तापमान नियंत्रक. त्याचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबता ठेवू नका. फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून थर्माकोलचा तुकडा लावा, नाहीतर तो हवेचं तापमान सांगत बसतो.

फ्रिज नसेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा. पाण्याच्या टबात फर्मेंटर, त्यावर ओलं गोणपाट, सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या दोन बाटल्या. गोणपाट माठासारखं काम करतं, पण कोरड्या हवेतच. जुलैच्या झडीत ते नुसतं ओलं राहतं, गारवा शून्य. उन्हाळ्यातच करायची असेल तर नॉर्वेचं क्वाइक जातीचं यीस्ट ३० ते ३५ अंशांतही नीट आंबवतं. थोडी संत्र्याची झाक येईल, हुबेहूब जुळणी होणार नाही. तरी तापलेल्या नॉटिंगहॅमपेक्षा कधीही बरं.

चौथ्या दिवसापासून २० ते २१ वर नेऊन तीन दिवस ठेवा. ताज्या लोण्यासारखा वास असेल तर तो यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. घाईने गार केलं तर वास तसाच बाटलीत जातो. एफजी १.०१०-१.०११ ला येऊन सलग दोन दिवस हलला नाही की आंबणं संपलं. एअरलॉकचे बुडबुडे थांबले हा पुरावा नाही, झाकण सैल असलं तरी थांबतात. मग दोन दिवस ३-४ अंशांवर ठेवा, यीस्ट तळाशी बसतं.

बाटलीत भरताना १०५ ग्रॅम साधी साखर २०० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून मिसळा. गूळ इथंही नको. त्यातली ओल आणि साखर दर ढेपेला बदलते, आणि बाटलीतला दाब त्या अंदाजावर सोडायची गोष्ट नाही. एफजी स्थिर नसताना भरलेल्या बाटल्या फुटतात, काचेचे तुकडे भिंतीत रुततात. जाड, तपकिरी, ६५० मिलीच्या साधारण २८-२९ बाटल्या भरतात. नळी तळापर्यंत न्या, खळखळ होऊ देऊ नका. आता हवा शत्रू. क्राउन झाकणं लावून दोन आठवडे २० ते २२ अंशांवर, मग आठवडाभर फ्रिजमध्ये.

चव जुळली का ते बघायला एकसारखे तीन पेले घ्या: दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. कुणाला तरी ओतायला सांगा, तुम्ही पाठ फिरवा. वेगळा पेला ओळखता आला तर फरक कुठं आहे ते लिहा आणि पुढच्या घाण्याला एकच गोष्ट बदला. कडूपणा मागे राहत असेल तर चॅलेंजर ३ ग्रॅमने वाढवा, वास कमी असेल तर शेवटचे हॉप्स ३० चे ४५ करा, शेवट गोडसर असेल तर मॅश ६४ वर. हे सगळं जेवणाआधी. तांबड्या रश्श्यानंतर प्रत्येक बिअर कडूच लागते.