मांजराच्या फुफ्फुसातील दुर्मीळ जंतुसंसर्ग : निदान कसे करून घ्यावे

नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत मांजर खोकू लागले की घशात केसांचा गोळा अडकला असेल, असे समजून बरेच दिवस निघून जातात. मान पुढे ताणून, जमिनीलगत दबून ते वारंवार खोकत असेल आणि शेवटी काहीच बाहेर पडत नसेल, तर दुखणे श्वसनमार्गाचे असण्याची शक्यता अधिक. ते गाढ झोपलेले असताना छातीची हालचाल पाहून श्वास मोजावेत. मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास सातत्याने आढळल्यास तपासणी लांबवू नये. तोंड उघडून श्वास घेणारे मांजर मात्र तातडीने दवाखान्यात न्यावे.

एक्स-रेमुळे बिघाड कुठे आहे ते कळते, जंतू कोणता ते कळत नाही. दमा, फुफ्फुसातील कृमी, हृदयविकार आणि गाठ यांची चित्रे एकमेकांशी मिळतीजुळती असू शकतात.

खरे निदान नमुन्यावर ठरते. भूल देऊन श्वासनलिकेत थोडे निर्जंतुक सलाइन सोडून ते परत ओढून घेतात; छातीत पू साठला असल्यास तो सुईने काढतात. मांजराची प्रकृती स्थिर असेल, तर हा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच घ्यावा, असा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरावा, कारण औषधानंतर जंतू वाढवून पाहणे अवघड होते. चालू असलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये.

नोकार्डिया आणि अ‍ॅक्टिनोमायसिस हे दोन्ही जंतू सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेल्या बारीक तंतूंसारखे दिसतात. सौम्य आम्ल वापरून केलेल्या अ‍ॅसिड-फास्ट रंजनात (जंतूंना रंग देऊन पाहण्याच्या पद्धतीत) नोकार्डिया बहुधा रंग धरून ठेवतो, अ‍ॅक्टिनोमायसिस धरत नाही. मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिका (पेशीभोवतीची भिंत) नसल्याने तो ग्रॅम रंजन या नेहमीच्या रंग-तपासणीत दिसत नाही, त्यासाठी पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करावे लागते. नेहमीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, दोन-तीन दिवसांत आटोपते. नोकार्डियाला काही आठवडे, तर क्षयाच्या गटातील जंतूंना दोन महिनेही लागू शकतात. म्हणूनच कोणत्या जंतूचा संशय आहे, हे प्रयोगशाळेच्या अर्जावर स्पष्ट लिहून घ्यावे, नाहीतर जंतू वाढण्याआधीच कल्चर टाकून दिले जाते आणि अहवाल ‘वाढ नाही’ असा येतो.

नमुना मुंबई-पुण्याला पाठवायचा असल्यास तो सोमवारी किंवा मंगळवारी घेतलेला बरा, म्हणजे रविवारी कुरियरमध्ये पडून राहत नाही. प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंसाठीचा नमुना हवाबंद, योग्य माध्यमात द्यावा आणि फ्रिजमध्ये ठेवू नये. प्रतिकारशक्ती घटवणाऱ्या एफआयव्ही आणि एफईएलव्ही या विषाणूंसाठी रक्ततपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. क्षयाच्या गटातील जंतूचा संशय असेल, तर अहवाल येईपर्यंत घरातील लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना मांजरापासून दूर ठेवावे.