सिस्कॉल ट्रेस करताय? निदान या चुका तरी टाळा

"सर, आपला लॉगर (नोंदी लिहिणारा प्रोग्रॅम) सेमाफोर, म्हणजे प्रोसेसना एकमेकांसाठी थांबवणारं कुलूप, कशाला बनवतोय?" टीममधल्या नव्या पोराने विचारलं आणि मीही त्याच्यासोबत कोड उचकत बसलो, याची अजून लाज वाटते. सिस्कॉल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे मागितलेलं काम. लॅपटॉपवर, म्हणजे एक्स८६-६४ प्रोसेसरवर लिहिलेली सिस्कॉल मोजायची स्क्रिप्ट त्याने आर्म६४ प्रोसेसरच्या बोर्डाच्या ट्रेसवर (कॉलच्या नोंदीवर) तशीच चालवली होती. रिपोर्टात सेमगेट (सेमाफोर मागणारा कॉल) हजारो वेळा, युनेम हजारो वेळा आणि अधूनमधून चक्क किल. लॉगर मारतोय तरी कुणाला? दोन दिवस लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. शेवटी कच्चा ट्रेस उघडला. सिस्कॉलचे नंबर होते ६२, ६३, ६४. एक्स८६-६४ वर ते किल, युनेम, सेमगेट. आर्म६४ वर एलसीक, रीड, राइट. बिचारा लॉगर फाइल वाचत-लिहीत होता.

लिनक्समध्ये नुसत्या नंबराला अर्थ नसतो. राइट एक्स८६-६४ वर १, ३२-बिट एक्स८६ वर ४, आर्म६४ वर ६४. आर्म६४ च्या टेबलात साधा ओपन नाहीच, ५६ वर ओपनॅट आहे. मी ट्रेसच्या फाइलनावातच आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) घालतो आणि नावं त्याच मशीनच्या हेडरमधून काढतो. नेटवरून टेबल चिकटवणाऱ्यांशी वाद घालणं आता सोडलंय.

त्याहून छुपी चूक म्हणजे एका मशीनवर सिस्कॉल नंबरांचं एकच टेबल असतं असं धरून चालणं. ६४-बिट कर्नलवर ३२-बिट प्रोग्रॅमही चालतात आणि एफट्रेसचे (कर्नलमधल्या ट्रेसरचे) सिस्कॉल इव्हेंट एक्स८६ व आर्म६४ वर त्यांचे कॉल मुद्दाम वगळतात. "प्रोसेस काहीच करत नाही" अशी तक्रार आली की मी आधी बायनरीवर 'फाइल' कमांड चालवतो, ती ३२-बिट की ६४-बिट ते कळतं. एक्स८६ वर तर ६४-बिट प्रोग्रॅमही इंट ०एक्स८० (सिस्कॉलची जुनी ३२-बिट वाट) वापरून ३२-बिट टेबलात शिरू शकतो. तिथला ११ म्हणजे एक्झेकव्हीई, ६४-बिट टेबलातला ११ म्हणजे म्युनमॅप. स्वतःचा ट्रेसर लिहिणार असाल तर रजिस्टरवरून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीवरून) अंदाज बांधू नका. कर्नल ५.३ पासून पीट्रेसमध्ये (दुसऱ्या प्रोसेसवर नजर ठेवायच्या सिस्कॉलमध्ये) गेट-सिस्कॉल-इन्फो आहे. ते आर्किटेक्चर सांगतं, आणि कॉल आत जातोय की बाहेर येतोय हेही. सेककॉम्प फिल्टरमध्येही (कुठले सिस्कॉल चालतील ते ठरवणाऱ्या) नंबराआधी आर्किटेक्चर तपासा.

आर्म६४ वर पहिला आर्ग्युमेंट आणि उत्तर दोन्ही एक्स० रजिस्टरमध्येच. आत जाताना टिपून ठेवला नाहीत तर बाहेर येताना तो गेलेला असतो.

एक्स८६-६४ वर चौथा आर्ग्युमेंट आर१० मध्ये, आरसीएक्समध्ये नाही. आरसीएक्समध्ये प्रोसेसरची सिस्कॉल सूचना (इन्स्ट्रक्शन) परतीचा पत्ता लिहून टाकते.

सिस्_रीडवर केप्रोब (कर्नलच्या फंक्शनवरचा ट्रेसिंग सापळा) लावून आरडीआय रजिस्टर वाचताय? एक्स८६-६४ वर ४.१७ पासून तिथे फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा नंबर) नसतो, सगळी रजिस्टरं साठवलेल्या रचनेचा पॉइंटर असतो. जुना लेख बघून केलेली कॉपी लगेच ओळखू येते.

आणि क्लॉक_गेटटाइम (वेळ विचारणारा कॉल) दिसत नाही म्हणून ट्रेसर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. तो बहुतेक वेळा व्हीडीएसओतूनच (कर्नलने प्रोसेसच्या मेमरीत ठेवलेल्या छोट्या लायब्ररीतूनच) परततो, कर्नलमध्ये शिरतच नाही.