प्रोमो कार्डं जमवताय? पावसाळ्यात तरी या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाची प्रोमो, म्हणजे प्रसिद्धीसाठी वेगळी दिलेली, कार्डं जमवणारी नवी पोरं वाढली आहेत, छानच. पण जुलै लागला की तेच फोटो येतात. "दादा, फॉइल वाकलंय, काय करू?" आधी स्वस्थ बस.

फॉइल कार्ड म्हणजे कागद आणि वर चकचकीत थर. खाडीकाठच्या दमट हवेत कागद ओल धरून पसरतो, वरचा थर पसरत नाही, म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला वळतं. विकणाऱ्याने फसवलेलं नसतं. नेरूळच्या एका पठ्ठ्याला धीर निघेना. प्री-रिलीजचं (नवा संच बाजारात येण्याआधीच्या खेळात मिळणारं), सोनेरी तारखेचं कार्ड त्याने दोन रुमालांत घातलं आणि वरून इस्त्री फिरवली. कार्ड सरळ झालं, नाही असं नाही. पण चमकता थर जागोजागी फुगला आणि तारीख पुसट झाली. वर मलाच विचारतो, "आता किती येतील?" मी चहा मागवला.

माझ्याकडे घट्ट झाकणाचा डबा असतो. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, कार्ड स्लीव्हशिवाय, म्हणजे प्लास्टिकच्या कव्हराशिवाय. रोज एकदा बघायचं. सपाट झालं की लगेच काढून स्लीव्हमध्ये घालायचं, कारण जास्त सुकलं तर उलट्या बाजूला वळतं. हेअर ड्रायरवाल्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरं दुखणं, "चमकतंय म्हणजे प्रोमो." अहो, 1999 पासून साध्या बूस्टरमध्येही, म्हणजे विकत मिळणाऱ्या सीलबंद पाकिटातही, फॉइल निघतात! उलट 1995 चं मॅना क्रिप्ट हे प्रोमो कार्ड पुस्तकातलं कूपन पोस्टाने पाठवून मिळायचं, त्याला चमक नावालाही नाही. शिक्का बघा. प्री-रिलीजच्या कार्डावर तारीख किंवा साल असतं, 2019 पासूनच्या प्रोमो पॅकमधल्या (दुकानं खेळाडूंना देतात त्या पाकिटांतल्या) कार्डावर प्लेन्सवॉकरचं, म्हणजे खेळातल्या जादूगारांचं, चिन्ह. शिक्का दिसेल असा फोटो विकणारा देत नसेल तर मी पुढे बोलतच नाही, मग तो कितीही स्वस्त देवो.

सोनेरी बॉर्डरची वर्ल्ड चॅम्पियनशिप डेकमधली (जागतिक स्पर्धेतल्या खेळाडूंच्या पत्त्यांच्या छापील प्रती) कार्डं अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. आवडली तर घ्या, पण प्रोमोच्या भावाने नको.

असली-नकली ओळखायला कार्ड दुमडून बघणारे महाभाग अजून आहेत. वाशी स्टेशनबाहेर देवघेव करायची असेल तर खिशात भिंग ठेवा. पाठीवरच्या हिरव्या ठिपक्यात बारीक लाल ठिपके दिसायला हवेत.

पीव्हीसीचा स्वस्त अल्बम नको. आणि रबरबँड लावलेला गठ्ठा माझ्यासमोर आणूच नका.